मन भरलं म्हणजे माप झालं का?



या वेळचा प्रश्न साधा दिसतो, पण घरोघरचा आहे. एखादं काम आपण जीव ओतून केलं, घाम गाळून केलं, म्हणजे ते बरोबर झालं असं म्हणता येतं का? कष्ट किती घेतले यावरून काम किती झालं हे ठरतं का? "मी तुमच्यासाठी किती केलं!" हे वाक्य कधीच ऐकू आलं नाही असं घर विरळाच. ते वाक्य खोटं नसतं. बोलणाऱ्याने खरोखर केलेलं असतं. तरी ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसत नाही. असं का होत असावं?

या प्रश्नाचा विचार करताना मला मोटारसायकलचा बोल्ट फार उपयोगी पडला. हसू नका, पुढे वाचा.

आमच्या बेळगावात उद्यमबागेमुळे गल्लीगल्लीत एखादा तरी फिटर, टर्नर, लेथवर काम करणारा भेटतो. त्यामुळे पाना-पक्कड ही मंडळी आम्हाला परकी नाहीत. रविवारी अंगणात गाडी लावून मुलं काहीतरी बसवत असतात. मोबाइलचा होल्डर, पुढे क्रॅश गार्ड, मागे सामानाचं कॅरिअर, नाहीतर मोडलेल्या जागी नवा साडी गार्ड. खोका उघडला की चार बोल्ट, चार नट, चार वायसर निघतात आणि काम सुरू होतं. थांबायचं कधी? "घट्ट बसलं की." घट्ट म्हणजे किती? "आता फिरतच नाही इतकं." कुणी पान्याच्या दांड्यात पाइप घालून जोर लावतो, कुणी वर पाय देतो. आतून आईचा आवाज येतो, "चांगलं आवळ रे बाबा, चोर्ला घाटातून जायचंय तुला." ती प्रेमापोटीच म्हणते. पण "चांगलं आवळ" आणि "जोरात आवळ" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आजचा सगळा विषय त्या दोहोंमधल्या फरकाचा आहे.

बोल्ट धरून कसा ठेवतो ते आधी पाहू. आपल्याला वाटतं, दाराला अडसर घालावा तसा तो आडवा बसलेला असतो. तसं नाही. आवळला की बोल्ट ताणला जातो. ताण केसाच्या जाडीहूनही कमी असतो, पण असतो. ताणलेल्या रबराला जशी मूळ जागी परतायची ओढ असते, तशीच त्यालाही असते. त्या ओढीने मधले दोन भाग एकमेकांवर दाबून बसतात. पेन्सिलीहून बारीक असा ६ मिलिमीटरचा बोल्ट नीट आवळला, तर हिशेबाने सुमारे ८०० किलो वजनाइतका दाब देतो. एवढासा जीव आणि एवढं काम!

आता खरी गोष्ट ऐका. पाना फिरवताना आपण जो जोर लावतो, त्यातला किती या ताणण्याच्या कामी येतो? जोराचे दहा भाग धरले तर साधारण पाच भाग बोल्टाच्या डोक्याखालच्या घर्षणात जातात आणि चार भाग आट्यांच्या घर्षणात. उरतो एक. धरून ठेवण्याचं काम तो दहावा भाग करतो.

हाताला मात्र दहाच्या दहा भाग जाणवतात. फसगत इथेच होते. आटे गंजलेले असले तर हात दुखेपर्यंत जोर लागतो आणि बोल्ट मात्र पुरेसा ताणलेलाच नसतो. उलट आट्यांना तेल लागलेलं असेल तर नेहमीच्याच जोराला तो कितीतरी जास्त ताणला जातो. पहिल्या वेळी हात म्हणतो "खूप झालं", तेव्हा झालेलं असतं थोडं. दुसऱ्या वेळी हात म्हणतो "अजून थोडं", तेव्हा ते आधीच जास्त झालेलं असतं. आपल्या श्रमाची जाणीव खरी असते, पण ती कामाचं माप सांगत नाही. ती फक्त आपण किती दमलो एवढंच सांगते.

घरातलं बघा. सकाळी मुलाला उठवायला सहा हाका, दोन टोमणे आणि शेजाऱ्यांच्या मुलाचं एक उदाहरण. सासूबाईंना वेळेवर गोळी द्यायची, तर त्यावरून पाऊण तास वादावादी. संध्याकाळी अंग मोडून येतं आणि वाटतं, केवढं केलं आज! केलंच. पण त्यातला किती जोर मुलापर्यंत, सासूबाईंपर्यंत पोचला आणि किती नुसता घासण्यात गेला, हा हिशेब आपण मांडत नाही.

मग माप घ्यायचं कसं? यंत्रवाल्यांनी त्यासाठी टॉर्क रेंच नावाचा पाना केला. ठरलेल्या आकड्याला तो "कट" असा आवाज करतो, की थांबायचं. या पान्याच्या इतिहासात न्यूयॉर्क शहराच्या पाणी खात्यात नोकरी करणाऱ्या कॉनराड बार यांचं नाव घेतलं जातं. जमिनीखालच्या नळांचे बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळले जाऊ नयेत, ही त्यामागची चिंता होती. म्हणजे हा पाना हाताला आणखी ताकद यावी म्हणून आलेला नाही. हाताला थांबता यावं म्हणून तो आला.

आकडा न्यूटन मीटरमध्ये असतो. बहुतेक मोटारसायकलींना ६ मिलिमीटरच्या बोल्टाला १० ते १२ आणि ८ मिलिमीटरच्या बोल्टाला २२ ते २७ च्या आसपास लागतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा गाडीच्या किंवा त्या वस्तूच्या पुस्तिकेतच बघावा. १० न्यूटन मीटर म्हणजे किती? वीतभराहून लहान, १५ सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला सुमारे ७ किलो वजन टांगलं तर जेवढा पीळ पडेल तेवढा. पाच किलोची आट्याची पिशवी आणि वर दोन किलो साखर. आपण बायका बाजारातून रोज एवढं उचलून आणतो. धडधाकट पोराने दोन्ही हातांनी पाना ओढला तर हे माप केव्हाच ओलांडलं जातं. पाइप घालून दांडा दुप्पट लांब केला, तर तेवढ्याच जोराला पीळ दुप्पट होतो.

ओलांडलं तर काय बिघडतं? बोल्ट पोलादाचा, पण इंजिनाचा बाहेरचा भाग बऱ्याचदा ॲल्युमिनियमचा, मऊ. पोलाद जिंकतं आणि ॲल्युमिनियममधले आटे सोलून निघतात. दहा-वीस रुपयांचा बोल्ट शाबूत राहतो आणि महागडा भाग कायमचा जायबंदी होतो. मग लेथवाल्याकडे जाऊन, भोक वाढवून, आत स्टीलचे आटे बसवून घ्यावे लागतात. म्हणून माप ठरवताना कठीण बाजूला किती सोसेल हे विचारत नाहीत. मऊ बाजूला किती सोसेल हे विचारतात. प्लास्टिकच्या भागाला तर त्याहून कमी. हा नियम मला घरासाठी फार मोलाचा वाटतो. "माझ्या वेळी मी हे सगळं सोसलं" हे कठीण बाजूचं माप झालं. समोर दहा वर्षांचं पोर आहे की ऐंशी वर्षांचे आजोबा, यावरून हात ठरला पाहिजे.

इथे कुणी म्हणेल, "ताई, आमचा कोपऱ्यावरचा मिस्त्री कुठे आकडा बघतो? त्याच्या हातालाच कळतं." कळतं, मान्य. पण त्याच्या हाताला कुणी शिकवलं? तुटलेल्या बोल्टांनी आणि परत आलेल्या गिऱ्हाइकांनी. वीस वर्षं चूक झाली की त्याच्या समोर आली आणि त्याला भरून द्यावी लागली. अशा हजार वेळा सुधारलेल्या हाताला माप म्हणता येतं. आपण वर्षातून दोनदा पाना धरणार आणि बसवलेली वस्तू पुढे कशी टिकली हे विचारायलाही जाणार नाही. त्या हाताला अंदाज म्हणावं.

आणि जाणता हातसुद्धा कधी फसतो. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचं एक विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालं. सुमारे १७,३०० फुटांवर वैमानिकासमोरची काच निखळून उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले. सहकाऱ्यांनी त्यांचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं आणि सगळे वाचले, कॅप्टनसुद्धा. चौकशीत कळलं की ती काच विमान उडण्याच्या २७ तास आधी बसवली होती आणि तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ ठरल्यापेक्षा किंचित बारीक होते. फरक एक मिलिमीटरसुद्धा नव्हता. उरलेले सहा आखूड होते. काच बसवणारा माणूस आळशी नव्हता, नवखाही नव्हता. रात्रपाळीला माणसं कमी, म्हणून अनुभवी अधिकाऱ्याने स्वतः हे काम अंगावर घेतलं होतं. सामानाच्या खोलीतल्या माणसाने त्याला योग्य क्रमांक सांगितलाही होता. पण काढलेला जुना बोल्ट हातात होता, त्याच्याशी नजरेने जुळवून त्याने नवे घेतले. मुळात ते जुने बोल्टही ठरल्या मापाचे नव्हते.

या गोष्टीत मला तीन ओळखीच्या गोष्टी दिसतात. "मी करतोय ना मरमर" ही कष्टाची खात्री. "पूर्वीपासून असंच चालत आलंय" हा जुन्याचा आधार. आणि बरोबर सांगणारा समोर असताना त्याच्याकडे झालेलं दुर्लक्ष. तिन्हींमध्ये वाईट हेतू कुठेच नाही.

आता या विषयातलं मला सगळ्यात जास्त विचारात पाडणारं सांगते. चांगल्या बोल्टाच्या डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला असतो. पहिला ८ त्याची तुटण्याची ताकद सांगतो. दुसरा ८ म्हणतो की त्या ताकदीच्या ८० टक्क्यांपर्यंत मी ताणलो तरी परत मूळ जागी येईन, त्यापुढे मी कायमचा ताणला जाईन. म्हणजे तुटण्याच्या आधीही एक मोडणं असतं आणि ते बाहेरून दिसत नाही. हाताला मात्र एक खूण कळते. तोवर वाढत गेलेला विरोध एकाएकी वाढायचा थांबतो. पाना अचानक हलका फिरू लागतो. नवशिक्याला वाटतं, वा, आता सुरळीत फिरतोय, अजून एक वळसा देऊ. जाणता माणूस तिथेच हात काढतो, कारण बोल्टाने किंवा आट्यांनी हार मानलेली असते.

परिचयातल्या एका घरी मुलाची दहावी होती. आई चारला उठून दूध तापवायची, शिकवणीला सोडायची-आणायची, मोबाइल कपाटात, मित्रांना दार बंद. मुलगा आधी भांडला, आदळआपट केली, जेवण सोडलं. मग डिसेंबरच्या सुमारास एकदम गप्प झाला. सांगितलं ते करू लागला. आई सगळ्यांना समाधानाने सांगायची, "आता सुधारला, उलटून बोलत नाही." मार्क चांगले पडले. पुढे तो शिकायला दुसऱ्या गावी गेला. आता रविवारी फोन येतो, दोन मिनिटांचा. जेवलास का, हो. अभ्यास चाललाय का, हो. आई विचारते, माझं काय चुकलं, मी तर जीव टाकला त्याच्यासाठी. जीव टाकलाच होता. पण डिसेंबरात पाना हलका झाला, तेव्हा तिथे थांबायचं होतं. तिला ते यश वाटलं.

समोरचा माणूस विरोध करतो तोवर आपल्याला राग येतो. खरं तर तो विरोध आपलं माप असतं. "नाही, मला नाही जमणार," असं म्हणणारी सून, "मला तो विषय नको," असं म्हणणारा मुलगा आपल्याला माहिती देत असतात. एकदम सगळ्याला "बरं, बरं" येऊ लागलं, तर निर्धास्त होण्याआधी एकदा जवळ बसून विचारावं, पटलं का, की सोडून दिलंस?

यावरून कुणी असा अर्थ काढू नये की सैल सोडणं हेच शहाणपण. ढिला बोल्ट वाईटच. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिलं की बोल्ट सुटतो तो मुख्यतः आडव्या हालचालीने. दोन भाग एकमेकांवर दोन्ही बाजूंना थोडेथोडे घसरत राहिले की नट आपोआप उलटा फिरू लागतो. एका मोठ्या हिसक्याची त्याला गरज नसते. चोर्ल्याच्या खडबडीत रस्त्यावर हेच होतं. नात्यांचंही तसंच. एखाद्या मोठ्या भांडणाने घर तुटलं असं आपण म्हणतो, पण त्याआधी कित्येक वर्षं रोजचं थोडंथोडं घसरणं चाललेलं असतं. "आम्ही बाई कुणाच्या मध्ये पडत नाही" असं म्हणून ज्या आजोबांना महिनोन् महिने कुणी काही विचारत नाही, तिथे आवळण्याची गरज असते. माप दोन्हीकडून चुकतं, कमी आणि जास्त.

म्हणून जाणते लोक बोल्ट बसवण्याची एक रीत सांगतात. सगळे बोल्ट आधी बोटांनी फिरवून घ्यायचे. बोटाने सहज फिरत नसेल तर आटे वाकडे लागलेत, पान्याची घाई करायची नाही. एकालाच आधी पूर्ण आवळलं, तर बाकीच्यांची भोकं जुळत नाहीत. सगळे जागेवर आले की समोरासमोरचे थोडेथोडे आवळत, दोन-तीन फेऱ्यांत मापापर्यंत यायचं. मग गाडी थोडी चालवून पुन्हा तपासायचं, कारण रंगाचा थर, वायसर दबून बसतात आणि पकड थोडी कमी होते. आणि तपासणं म्हणजे प्रत्येक वेळी आणखी पाव वळसा देणं नव्हे. मापाला आहे ना, एवढं बघून हात काढून घ्यायचा. बरेच जण बोल्ट आणि त्याखालच्या भागावर मिळून रंगाची एक रेघ ओढतात. रेघ सरळ आहे तोवर पान्याला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं.

आता शेवटची शंका, आणि ती आपल्यापैकी अनेकांच्या मनात असणार. "भाव महत्त्वाचा नाही का? मनापासून केलेल्याला मोल नाही का?" आहे. पण भावाचं काम काय, हे नीट समजून घ्यायला हवं. बोल्टाला आपला भाव कळत नाही, आणि पुष्कळदा माणसालाही आपला भाव कळत नाही, त्याला कळतो तो आपला हात. तेव्हा भाव हातातल्या जोरात उतरवण्याआधी तो माप शोधण्यात उतरला पाहिजे. पुस्तिका उघडून पान शोधणं, शेजाऱ्याकडून टॉर्क रेंच मागून आणणं, ज्याच्यासाठी करतोय त्यालाच "तुला किती हवंय?" असं विचारणं, हेही भावाचंच काम आहे. ते दिसत नाही, घाम येत नाही, कुणी वाहवा करत नाही. कदाचित म्हणूनच आपण ते टाळतो आणि जोर लावतो. जोर दिसतो ना! "मी किती केलं" म्हणताना जोर मोजून दाखवता येतो. "मी योग्य वेळी हात काढून घेतला" हे कुणाला दाखवणार?

मन भरण्यासाठी केलेलं काम आपल्यासाठी असतं. माप होईपर्यंत केलेलं काम समोरच्यासाठी असतं. सेवा कोणती, हे आपण सुज्ञ आहात.

या आठवड्यासाठी दोन छोट्या गोष्टी सुचवते. पहिली, घरातल्या मोटारसायकलचा साडी गार्ड बघा. मागे बसणाऱ्याचा कपडा चाकात जाऊ नये म्हणून मागचं चाक निदान अर्धं झाकणारी ही सोय केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२३ नुसार असायलाच हवी, आणि आपण साडी नेसून, ओढणी घेऊन तिच्या भरवशावर बसतो. हाताने हलवून पाहा. हलत असेल तर पुस्तिकेतलं माप बघून आवळून घ्या, नाहीतर गॅरेजमध्ये दाखवा. दुसरी, घरातल्या एका माणसाला, एकालाच, विचारा, "माझं तुझ्यावर काय जास्त होतंय आणि काय कमी पडतंय?" उत्तर आलं की लगेच खुलासा देऊ नका. नुसतं ऐका.

उत्तरं ग्रुपवर टाकायची गरज नाही. साडी गार्ड हलत होता की नाही, तेवढं मात्र जरूर कळवा.

आपली एक सेविका,
बेळगाव